दिवे लागल्यानंतरचा तास

चौसाळ्याच्या पंचक्रोशीत ज्यांचे बालपण गेले, त्या माझ्या पिढीतील वाचकांना जत्रेतला तंबूचा सिनेमा आठवत असेल. कनातीच्या आत मधोमध टांगलेला पांढरा पडदा, पाठीमागे खडखडणारे यंत्र, रीळ तुटले की अंधारात उठणाऱ्या शिट्ट्या आणि पुन्हा चित्र उमटले की एकदम पसरणारी शांतता. खेळ संपल्यावर माणसे बैलगाडीने किंवा पायी आपापल्या वस्तीकडे निघत. त्या परतीच्या वाटेवर बोलणे सुरू होई. नायकाने गाव सोडायला नको होते, असे कोणी म्हणे. सावकाराला शेवटी माफ केले ते काही बरे झाले नाही, असे दुसरा म्हणे. आणि आतापर्यंत गप्प असलेली एखादी आजी मध्येच विचारी, ‘‘पण त्या आईला कोणी काही विचारलं का?’’ त्या प्रश्नापुढे सारी गाडी क्षणभर निरुत्तर होई.

आज मागे वळून पाहताना असे वाटते की, तंबूत जे घडत होते त्याच्याइतकेच मोल त्या परतीच्या वाटेला होते. चित्रपट पाहणे आणि पाहिलेल्याविषयी चारजणांत बोलणे, या दोन क्रिया तेव्हा एकमेकींना जोडलेल्या होत्या. आता तंबू विरळ झाले. महाराष्ट्रातील फिरत्या चित्रपटगृहांच्या अखेरच्या दिवसांवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट २०१६ साली तयार झाला आणि कान येथील महोत्सवात दाखवला गेला. म्हणजे आपल्या जत्रांचा तो सोहळा जगाने पाहिला, तो मावळत असताना पाहिला. त्याच्या जागी प्रत्येकाच्या हातात मोबाईल आला. पडदा लहान झाला याचे मला फारसे दुःख नाही. दुःख आहे ते परतीची वाट नाहीशी झाली याचे. मुलगा एकटा पाहतो, कानात यंत्र खुपसून पाहतो, आणि एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते. आजीचा प्रश्न विचारायला मध्ये जागाच उरत नाही.

आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी लिहिण्याचा आग्रह झाला, तेव्हा मी हाच विषय निवडला. विद्यापीठांमधून चालणारी, देशोदेशीचे चित्रपट पाहून त्यांवर चर्चा करणारी मंडळे ही त्या हरवलेल्या वाटेची सुशिक्षित रूपे आहेत. ही मंडळे केवळ शहरांच्या आणि विद्यापीठांच्या आवारात न राहता आपल्यासारख्या ग्रामीण निवासी विद्यालयापर्यंत यावीत, किंबहुना त्यांची सुरुवातच येथून व्हावी, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्याचा हा प्रयत्न.

या चळवळीचा इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. स्वातंत्र्याच्याच वर्षी, १९४७ साली, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटीची स्थापना केली. १९५० साली राय नोकरीनिमित्त लंडनला गेले असता त्यांनी व्हित्तोरिओ द सिका या इटालियन दिग्दर्शकाचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ हा १९४८ सालचा चित्रपट पाहिला. कृत्रिम नेपथ्याशिवाय, नामांकित नटांशिवाय, रस्त्यावरच्या उजेडात गरीब माणसाची गोष्ट सांगता येते, हा विश्वास त्यांना तेथे मिळाला आणि १९५५ साली ‘पथेर पांचाली’ जन्माला आला. १९५२ साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. त्यात ‘बायसिकल थीव्ह्ज’ आणि अकिरा कुरोसावा यांचा ‘राशोमोन’ दाखवले गेले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ आला. १९५९ साली देशभरातील मंडळांचा महासंघ स्थापन झाला व राय त्याचे अध्यक्ष झाले.

महाराष्ट्रात १९६० साली पुण्याच्या प्रभात स्टुडिओच्या जागेत फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद हा विषय ज्यांनी रुजवला, ते प्राध्यापक सतीश बहादूर मूळचे अर्थशास्त्राचे अध्यापक. आग्रा येथे अर्थशास्त्र शिकवत असताना ते तेथील चित्रपट मंडळ चालवत असत. म्हणजे या देशातील चित्रपटशिक्षणाचा एक मोठा प्रवाह विद्यापीठाच्या आवारातील एका मंडळातून, एका अर्थशास्त्रज्ञाच्या हौसेतून निघाला. १९६८ साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी भाषेत जागतिक चित्रपटाविषयी बोलण्याची परंपरा सुरू झाली. त्या मंडळाच्या संस्थापकांपैकी एक असलेले सुधीर नांदगावकर यांनी पुढे महाविद्यालयांच्या आवारात चित्रपट मंडळे काढावीत यासाठी परिश्रम घेतले. आपल्या मराठवाड्यातही आता छत्रपती संभाजीनगरात अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला आहे. तेव्हा परंपरा आहे, माणसे आहेत, चित्रपट आहेत. प्रश्न आहे तो त्या चर्चेत कोण बोलतो आणि कोण गप्प बसतो याचा.

येथे एक स्वानुभव सांगतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी विद्यापीठात गेलो, तेव्हा वसतिगृहातील एका मित्राने मला अशाच एका मंडळात नेले. चित्रपट इराणी होता: माजिद मजिदी यांचा १९९७ सालचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, कारण नवे घेण्याची वडिलांची ऐपत नाही. मग दोघे एकच जोड वाटून घेतात. सकाळी बहीण तो घालून शाळेत जाते, दुपारी धावत येऊन गल्लीच्या तोंडाशी भावाला देते आणि तो त्याच बुटांनी धावत आपली शाळा गाठतो. दिवे लागले, चर्चा सुरू झाली. कॅमेऱ्याच्या हालचालीविषयी, इराणच्या नव्या प्रवाहाविषयी, बालपणाच्या निरागसतेविषयी पुष्कळ बोलले गेले. मी मागच्या रांगेत होतो. त्या सभागृहात एक वही, एक चप्पल, एक स्वेटर भावंडांत वाटून घेऊन वाढलेले आम्ही निदान पाच-सहाजण होतो. मुलांना घरची लाज झाकण्यासाठी किती हुशारी खर्चावी लागते, हे आम्हाला ठाऊक होते. ‘निरागस’ हा शब्द ऐकून माझ्या मनात आले होते, ही मुले निरागस नाहीत, ती हिशेबी आहेत, त्यांना हिशेबी व्हावे लागले आहे. पण मी बोललो नाही. आम्हांपैकी कोणीच बोलले नाही. ज्यांना त्या बुटांविषयी सर्वांत अधिक ठाऊक होते, तेच त्या संध्याकाळी सर्वांत गप्प होते.

यात मंडळाचा दोष होता असे मी म्हणत नाही. आम्हाला कोणी अडवले नव्हते. बोलण्याची सवयच नव्हती. वर्गात उत्तर द्यायचे ते पुस्तकातले आणि विचारल्यावर, इतकेच आम्ही शिकलो होतो. आपल्या जगण्यातून आलेले निरीक्षण हेसुद्धा ज्ञान आहे आणि ते चारचौघांत मांडण्याचा आपल्याला अधिकार आहे, हे कोणी आमच्याकडून करवून घेतले नव्हते. ही सवय बाविसाव्या वर्षी विद्यापीठाच्या सभागृहात लागत नाही. ती बाराव्या-तेराव्या वर्षी, आपल्या ओळखीच्या भिंतींच्या आत, आपल्याच बोलीत लागावी लागते. म्हणून या मंडळाची खरी जागा निवासी विद्यालयाची प्रार्थनासभेची ओसरी ही आहे, असे मी म्हणतो.

चर्चा कशी करावी, याचा धडा आपल्याला परक्यांकडून घेण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्याला मिलिंद हे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. एक ग्रीक राजा आणि एक भिक्खू यांच्या प्रश्नोत्तरांची आठवण एका शिक्षणसंस्थेच्या नावात कायमची कोरली गेली. त्या पाली ग्रंथातील एक प्रसंग मला नेहमी आठवतो. वाद करण्याची इच्छा राजा व्यक्त करतो, तेव्हा नागसेन त्याला विचारतात की, तुम्ही पंडितांच्या रीतीने बोलणार की राजांच्या रीतीने? पंडितांच्या चर्चेत एकजण मांडतो, दुसरा खोडतो, चूक दाखवली जाते, ती मान्यही केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत मात्र एक मत मांडले जाते आणि जो ते मानत नाही त्याला दंड होतो. मिलिंद पंडितांची रीत स्वीकारतो, आणि मगच संवाद सुरू होतो. चित्रपट मंडळाची सारी नियमावली या एका प्रसंगात सामावलेली आहे. आपल्या वर्गांमधून, सभांमधून, घरांमधून अजूनही राजांचीच चर्चा अधिक चालते; आणि शिक्षक म्हणून मीही त्या सिंहासनावर अनेकदा बसलो आहे, हे मला कबूल केले पाहिजे.

विदेशी चित्रपट हे शहरी, इंग्रजी जाणणाऱ्या वर्गाचे खाद्य आहे. चौसाळ्यासारख्या गावी त्याचे काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेईल. तिला उत्तर म्हणून मी हेग्गोडूचे नाव घेतो. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील हे सुपारीच्या बागांत वसलेले लहानसे खेडे. तेथे के. व्ही. सुब्बण्णा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली ‘नीनासम’ ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७३ साली तिच्या जोडीला चित्रपट मंडळ काढले. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर आणि प्राध्यापक सतीश बहादूर यांच्या साहाय्याने ‘पथेर पांचाली’, ‘राशोमोन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’ अशा चित्रपटांची रिळे त्या खेड्यात पोहोचली. शेतकरी, मजूर, गृहिणी यांनी ते पाहिले आणि त्यांवर कन्नडमध्ये चर्चा केली. सुब्बण्णांना १९९१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुरस्कारापेक्षाही मला महत्त्वाचे वाटते ते हे की, खेड्यातल्या माणसाला ‘हलकेफुलके’च दिले पाहिजे, हा शहरी समज त्या गावाने पुसून टाकला. ज्या काळी लोखंडी डब्यांतून जड रिळे वाहून न्यावी लागत, त्या काळी हेग्गोडूला जे साधले, ते आज राष्ट्रीय महामार्गावर वसलेल्या चौसाळ्याला का साधू नये?

हे केवळ तर्काने मी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी, दिवाळीनंतरच्या दिवसांत, मी आपल्या वसतिगृहात एका संध्याकाळी ‘बायसिकल थीव्ह्ज’ दाखवला. हे दिवस आपल्या जिल्ह्यात कसे असतात, हे वाचकांना सांगायला नको. कारखान्यांची धुराडी पेटलेली, गावे अर्धी रिकामी, आणि वसतिगृहातल्या कित्येक मुलांचे आईवडील पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेले. चित्रपट इटालियन, खालच्या ओळी इंग्रजी. मी बाजूला उभा राहून प्रत्येक महत्त्वाचे संभाषण मराठीत सांगत गेलो. रोममधल्या एका बेकार माणसाला भिंतीवर जाहिराती चिकटवण्याचे काम मिळते, पण अट अशी की सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून ती सोडवते, आणि कामाच्या पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. मग बाप आणि त्याचा लहान मुलगा ती शोधत शहरभर हिंडतात.

संपल्यावर बराच वेळ कोणी बोलेना. मला माझी मागची रांग आठवली. मी काहीच विचारले नाही, थांबून राहिलो. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, पोलिसानं तक्रार लिहून घेतली, मग शोधली का नाही?’’ तेवढ्या एका प्रश्नाने बांध फुटला. एकाने विचारले, चादरी आईच्या होत्या, मग सायकल कोणाची? दुसरा म्हणाला, हे म्हणजे उचलीसारखेच झाले की. काम मिळण्याआधीच माणूस बांधला गेला. आपल्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, हत्याराच्या नावानेच माणसे मोजतात. त्या मुलांना सायकल आणि माणूस यांचे नाते समजावून देण्याची गरज नव्हती. शेवटी तो बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरू पाहतो आणि मुलाच्या डोळ्यांदेखत पकडला जातो. त्यावर वाद झाला. चोरी ती चोरी, असे काहींचे मत. पण आठवीतला एक मुलगा, जो एरवी वर्गात मान वर करीत नाही, तो म्हणाला, ‘‘मुलानं बापाचा हात धरला ना सर. त्याला सगळं कळलं होतं, तरी धरला.’’ एवढे बोलून तो खाली बसला. त्याचे वडील त्या दिवशी कोठल्या फडावर होते, हे मी विचारले नाही. मात्र विद्यापीठातल्या त्या सभागृहात आम्ही जे बोलू शकलो नव्हतो, ते तो चौसाळ्याच्या ओसरीवर बोलला, एवढे मला समजले.

आता काही आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, हे सारे चित्रपट मोबाईलवर उपलब्ध असताना मंडळ हवे कशाला? उत्तर सोपे आहे. ग्रंथालयात पुस्तके असतात म्हणून आपण वर्ग बंद करीत नाही. उपलब्धता वाढली तसतशी निवडीची आणि सोबतीची गरज वाढली आहे. कोणते पाहावे हे यंत्र ठरवू लागले, तर आपण काल जे पाहिले त्यासारखेच ते उद्याही दाखवणार. आपल्यापेक्षा वेगळ्या माणसाचे आयुष्य आपल्यासमोर मुद्दाम आणून ठेवणारे कोणीतरी लागते.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि तो अधिक गंभीर आहे. आम्ही घाम गाळून मुलांना शिकायला ठेवले. दहावीचे गुण महत्त्वाचे. तेथे सिनेमा कशाला? या पालकांचा मी आदर करतो, कारण त्यांच्यापाशी चूक करायला दुसरी संधी नाही. त्यांना मी एवढेच सांगेन की, महिन्यातून एका शनिवारचे तीन तास मागतो आहे. त्या तीन तासांत मूल नकाशावर एक देश शोधते, ऐकून घेते, दुसऱ्याचे खोडते, स्वतःचे सुधारते आणि पूर्ण वाक्यात बोलते. उद्या मुलाखतीच्या खोलीत त्याला नेमके हेच लागणार आहे. गुणपत्रिका त्याला दारापर्यंत नेईल. आत गेल्यावर बोलावे त्यालाच लागेल.

तिसरा आक्षेप असा की, आधी आपले पाहावे, परके नंतर. मला यात विरोध दिसत नाही. आपल्या शेजारच्या करमाळा तालुक्यातील जेऊर गावचे नागराज मंजुळे अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट करतात आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळतो. पुढे २०१३ साली ‘फँड्री’ येतो. त्याच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो दगड नेमका कोणाला होता, यावर आपली मुले दोन तास बोलू शकतील आणि त्यांनी बोलावे. वीरा साथीदार यांनी ज्यात लोकशाहिराची भूमिका केली, तो चैतन्य ताम्हाणे यांचा २०१४ सालचा ‘कोर्ट’ मोठ्या वर्गांनी पाहावा. पण ‘फँड्री’नंतर ‘बायसिकल थीव्ह्ज’ पाहिला, तर मुलाला उमगते की अपमान आणि अभाव ही केवळ आपल्याच वस्तीची कहाणी नाही. आपले दुःख जगाच्या दुःखाशेजारी ठेवून पाहता आले, म्हणजे त्याची लाज वाटेनाशी होते आणि त्याविषयी विचार करता येऊ लागतो.

शिस्तीचा प्रश्न उपस्थित करणाऱ्या अधीक्षकांसाठी तर एक चित्रपटच सुचवतो. भूतानचे ख्येन्त्से नोर्बू हे स्वतः लामा आहेत. त्यांनी १९९९ साली ‘द कप’ हा चित्रपट केला. भारतातील एका निर्वासित तिबेटी विहारातील बालश्रामणेर १९९८ च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेने झपाटलेले असतात. रात्री गुपचूप बाहेर पडतात, पकडले जातात. अखेर अंतिम सामन्यासाठी दूरचित्रवाणी संच भाड्याने आणण्याची परवानगी मिळते. पैसे कमी पडतात, तेव्हा त्यांचा म्होरक्या नव्याने आलेल्या एका पोरक्या मनाच्या मुलाचे घड्याळ गहाण टाकतो. प्रत्यक्ष सामना सुरू झाल्यावर मात्र त्याचे लक्ष पडद्याकडे लागत नाही. ते घड्याळ परत कसे मिळवायचे, याच चिंतेने तो बेचैन होतो. विहारातील वडीलधाऱ्यांनी परवानगी दिली म्हणून शिस्त बिघडली की त्या मुलाला करुणेचा अर्थ कळला, याचा निर्णय प्रत्येक वसतिगृहाने हा चित्रपट पाहून स्वतः करावा.

राहिला खर्चाचा आणि कायद्याचा प्रश्न. एक प्रोजेक्टर, एक पांढरी चादर आणि एक चांगला ध्वनिक्षेपक एवढी सामग्री बहुतेक शाळांत आता असतेच. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला अशी मुभा दिलेली आहे की, संस्थेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्ती एवढ्यांपुरताच प्रेक्षकवर्ग मर्यादित असेल, तर चित्रपट दाखवल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही. तिकीट लावून गावजत्रा भरवायची नाही, एवढे पथ्य पाळले की पुरे.

मंडळ चालवण्याची रीत कशी असावी, याविषयी अनुभवाने सुचलेल्या चार गोष्टी सांगतो. चित्रपटापूर्वी दहा मिनिटे नकाशा उघडावा. देश, काळ आणि कथेचा आरंभ मराठीत सांगावा. चित्रपट संपल्यावर पाच मिनिटे कोणीही बोलू नये. प्रत्येकाने आपल्या वहीत पाहिलेली एक गोष्ट लिहावी. चर्चेत आधी काय पाहिले ते सांगावे, मग काय वाटले ते, आणि त्याचा अर्थ काय हे सर्वांत शेवटी. कारण अर्थ आधी सांगितला की पाहणे थांबते. सर्वांत लहान विद्यार्थ्याने प्रथम बोलावे आणि शिक्षकाने सर्वांत शेवटी, तेही शक्यतो प्रश्नच विचारून. एका विद्यार्थ्याने चर्चेची नोंदवही ठेवावी. दहा वर्षांनी ती वही म्हणजे या विद्यालयाचा एक वेगळाच इतिहास होईल.

विद्यापीठाकडेही एक मागणे आहे. बीड, जालना, धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर हे चार जिल्हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे दरवर्षी गावोगाव होतात. विद्यार्थी रस्ते झाडतात, शोषखड्डे खणतात. ते अवश्य करावे. पण विद्यापीठात आणि महाविद्यालयांत ज्यांना चित्रपटांची गोडी लागली आहे, त्यांनी शिबिरातली एक संध्याकाळ एक चित्रपट घेऊन शाळेत यावे, आणि विशेषतः ऐकायला यावे. हेग्गोडूला गेलेल्या पुण्याच्या तज्ज्ञांनी तेथे केवळ शिकवले नाही. आपल्यापेक्षा निराळे पाहणारे डोळे त्यांना तेथे भेटले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज नोकरीत स्थिरावले आहेत, त्यांनी देणगीबरोबर वर्षातून एक शनिवारही द्यावा.

स्मरणिकेत सहसा झालेल्या गोष्टींची नोंद होते. मी मात्र अद्याप न झालेल्या गोष्टीविषयी लिहिले, याबद्दल संपादक मंडळ क्षमा करील, अशी आशा आहे. माझी इच्छा फार मोठी नाही. आपल्या ओसरीवर बसून प्रश्न विचारणारी सातवीतली ती मुलगी उद्या विद्यापीठात जाईल. तेथील सभागृहात एखादा जपानी किंवा इराणी चित्रपट संपेल, दिवे लागतील, चर्चेला आरंभ होईल. तेव्हा तिने मागच्या रांगेत बसावे की पुढच्या, हा तिचा प्रश्न. मात्र तिला बोलावेसे वाटले, तर तिचा हात वर जावा. त्या एका हातासाठी आपण येथे दरमहा एक पांढरी चादर टांगायला काय हरकत आहे?